पाच पुंजाजींचं वजन

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

आज ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक जमिनीवरून सुटलं. चार बोटं. मी सीटवर होतो म्हणून मला नक्की सांगता येत नाही, पण शेजारच्या वावराचा पुंजाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता, तो चार बोटं म्हणतो. पुंजाजी कुठलीही गोष्ट दुप्पट करून सांगतो. तेव्हा दोन धरू.

हा मिनी ट्रॅक्टर मी निवृत्त झाल्यावर घेतला. समोर लोडर आहे, म्हणजे एक मोठं लोखंडी सुपडं. त्यानं शेणखत उचलायचं, संत्र्याचे क्रेट उचलायचे, असा बेत. आज पहिल्यांदा सुपडं गच्च भरलं, उचललं, वळलो आणि बूड हलकं झालं. गाडी खाली आदळली तेव्हा पुंजाजी म्हणाला, "कंडक्टर, तुह्या गाडीले शेपूट नाही."

एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, अकोट डेपो. रोज वेबिल, म्हणजे फेऱ्यांचा आणि तिकिटांचा हिशेब, लिहायचो आणि त्याबरोबर डायरीचं एक पान. ती सवय अजून आहे. वेबिलात खाडाखोड चालत नाही, लिहिलेलं मागून बदलणं हा एसटीत गुन्हाच. डायरीतही मी कधी केली नाही. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, असू दे.

तीन एकर संत्रा आणि एक एकर झेंडू-शेवंती. मी ड्युटीवर असायचो, वावर माणिकबाईनं पाहिलं. बैल तिचे, मोत्या आणि गब्रू. मे महिन्यात मी जोडी विकली. तिला सांगायचं राहिलं होतं असं नाही, सांगितलं, पण व्यापारी दारात आल्यावर. ती म्हणाली, "मंग आता माहं काय काम?" मी हसलो. तीस वर्षं राबली, आता आराम कर, असं माझ्या मनात होतं.

जुलैत ती करिश्माच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, म्हणून गावात दोघातिघांनी विचारलं, लेक इकडं आली नाही, मायच तिकडं गेली का? मी सांगितलं, डॉक्टर तिकडचा आहे. दीड महिन्यासाठी गेली होती. चार महिने होत आले.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

अकोटला अय्युबच्या टायरच्या दुकानात गेलो. अय्युब चाळिशीचा. त्याचे वडील माझ्या दर्यापूरच्या गाडीनं रोज जायचे, त्यामुळं तो मला काका म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. "बोंडअळीनं कापूस खाल्ला, काका. आता टायर कोन बदलून राहिलं?" म्हणाला आणि चहा सांगितला.

त्यानं फरशीवर खडूनं ट्रॅक्टर काढून दाखवला. "सुपडं भरलं का सारा बोजा समोरच्या चाकाइवर जाते. मांगचे चाक हलके होते. अन् ब्रेक कोनत्या चाकाले आहे? मांगच्याच. चाकच जमिनीले टेकत नाही, त ब्रेक दाबून काय फायदा?" हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विकणाऱ्यानं रंग कोणता पाहिजे एवढं विचारलं होतं.

उपाय त्यानं सांगितला. मागच्या दोन्ही टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरायचं आणि मागच्या लिंकला, म्हणजे नांगर जोडायच्या दांड्यांना, अडीचशे किलोचं वजन अडकवायचं. लोखंडी ड्रम अर्धा कापून त्यात काँक्रीट ओतलं की तेवढं भरतं. समोरच्या टायरांवर भार येतो म्हणून ते जाड, आठ प्लायचे घ्यायचे. इथवर सोपं होतं. मागच्या टायरांचं मात्र त्यानं माझ्यावर टाकलं. माझे आत्ताचे अरुंद आहेत, मोठ्या दातांचे. ते ओल्या मातीत पकड घेतात पण जमीन उकरतात. दुसरे रुंद आणि बुटक्या दातांचे. ते उकरत नाहीत, पण आपली काळी माती ओली असली की जागच्या जागी फिरतात. "तुमची जमीन तुमाले मालूम," म्हणाला. मी विचार करून सांगतो म्हटलं.

माणिकबाईला फोन केला. बाळ हसायला लागलं आहे. "संगं कोन असते वावरात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कोण असणार?

१८ नोव्हेंबर, शनिवार

पुंजाजीनं तोडगा काढला. नांगरटीनंतर ढेकळं फोडायला आपण बैलांमागं लाकडी पाटा ओढतो, त्याला वजन म्हणून वर माणूस उभा राहतो. पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. "मंग मी बसतो न मांगं," पुंजाजी म्हणाला. "काँक्रीट कायले पाह्यजे?"

संत्री तोलायच्या काट्यावर त्याला उभं केलं. एक्कावन्न किलो, तेही खिशातल्या अडकित्त्यासकट. अडीचशेला पाच पुंजाजी लागतील. तो म्हणाला, मी गेल्या साली पासष्ट किलोचा होतो, यंदा कापसासारखाच गळालो. त्याचा दोन एकर कपाशीचा माल अळीनं नेला, बायको चार वर्षांपूर्वी गेली, लेक दर्यापूरला दिली आहे. दिवसभर त्याला काम नाही. मागच्या लिंकवर फळी बांधली आणि त्याला बसवलं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

पाच दिवस चाक उचललं गेलं नाही. सुपडं मी अर्धंच भरतो हेही खरं, पण पुंजाजी सगळं श्रेय स्वतःकडं घेतो.

दिवसभर त्याचं तोंड चालू असतं. इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही, तरी मी हो हो म्हणतो. कोणाच्या लग्नात भाजी खारट झाली होती, कोणाचा बैल विहिरीत पडला होता, सगळं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं. मला गंमत वाटते ती याची, की बसमध्ये ड्रायव्हर पुढं आणि मी मागं असायचो. आता मी पुढं आहे आणि मागं दुसरं कोणी आहे. त्याला मी घंटी शिकवली. मडगार्डवर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याला इतकी आवडली की उगाचच ठोकत असतो. दुपारी माझ्याच डब्यात जेवतो. मी दोन भाकरी जास्त थापतो. माझ्या भाकरीला तो नकाशा म्हणतो.

२ डिसेंबर, शनिवार

अय्युबचा फोन आला. ड्रम कापून ठेवला आहे, कडी वेल्ड करून ठेवली आहे, घेऊन जा म्हणाला. मी पुढच्या आठवड्यात येतो म्हटलं. मागच्या आठवड्यातही हेच म्हटलं होतं.

का जात नाही ते माझं मलाच कळत नाही. अकोट काही लांब नाही. एक अडचण आहे म्हणा, लिंकला ड्रम लावला की पुंजाजीला बसायला जागा राहत नाही. मडगार्डवर बसवता येईल, पण ते धोक्याचं आहे.

१० डिसेंबर, रविवार

अकोटच्या बाजारात अय्युब भेटला. पुंजाजीचं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, गुस्सा नोका करू. मानूस म्हणजे वजन नसते. वजन बांधून ठेवता येते. मानूस घाबरला का उडी मारते, अन् मंग दोघंही जाता." मी म्हटलं, आपल्या बापजाद्यांनी पाट्यावर माणसं उभी केली. तो म्हणाला, "पाटा जमिनीपासून किती वर असते?"

त्याचा ड्रम विकायचा आहे म्हणून बोलतो, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला पटवलं.

संध्याकाळी माणिकबाईला फोनवर सहज सांगितलं, मागं पुंजाजी बसतो, बरं चाललं आहे. ती म्हणाली, "त्याईले उतरवा."

"काहून?"

"उतरवा म्हणलं न."

आणि फोन ठेवला. तिला पुंजाजी पहिल्यापासून आवडत नाही. येतो आणि तीन-तीन कप चहा पितो म्हणून. मी उतरवलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

पुंजाजी पडला. त्याला घेऊन अकोटला. आज जास्त लिहवत नाही.

२० डिसेंबर, बुधवार

गळ्याजवळचं हाड मोडलं आहे आणि डावं मनगट. डोकं वाचलं. डॉक्टर म्हणाले, वीतभर इकडं पडला असता तर चाकाखाली होता.

जे झालं ते लिहून ठेवतो. बहारासाठी झाडांचं पाणी तोडलं आहे, जानेवारीत पाणी सोडायच्या आधी प्रत्येक झाडाला शेणखत द्यायचं. काम मागं पडलं होतं म्हणून मी सुपडं शिगोशीग भरलं. पहाटे दव पडलेलं, खत ओलं, जड. खालच्या धुऱ्याकडं उतार आहे. सुपडं उंच घेऊन मी उतरायला लागलो. अर्ध्यावर मागून ठोका आला. एक.

तो मी ऐकला. इंजिनाच्या आवाजात ऐकू आला नाही असं मी डॉक्टरांना सांगितलं, पुंजाजीच्या लेकीलाही सांगितलं. पण ऐकला होता. तो उगाच ठोकतो असं मनात आलं, आणि भरलेली गाडी कोण थांबवतो? तीस वर्षं माझ्या एका घंटीवर ड्रायव्हर थांबत आले. एकानंही कारण विचारलं नाही.

बूड वर गेलं. मी सुपडं पाडलं म्हणून गाडी उलटली नाही. ती परत आदळली तेव्हा फळीवर पुंजाजी नव्हता.

लेक त्याला आजच दर्यापूरला घेऊन गेली. गाडीत बसताना तो म्हणाला, "तू काई मनाले लावून घेऊ नोको. मीच उतरलो म्हन." लेक माझ्याशी बोलली नाही.

२४ डिसेंबर, रविवार

ट्रॅक्टर उभा आहे. वावरात जातो, झाडांमधून फिरतो, परत येतो. आज सबंध दिवसात मी फक्त दूधवाल्याशी बोललो, "अर्धा लिटर." दोन शब्द.

भाकरी चारच केल्या, त्यातली दीड उरली. मला एकटं वाटतं. हे असं डायरीत मी आजवर लिहिलेलं नाही. बसमध्ये पन्नास-साठ माणसं असायची आणि मी रात्री घरी आलो की मला कोणाशी बोलायला नको असायचं. माणिकबाई गब्रूचा पाय, पाण्याची पाळी, डवरणी असलं काही सांगत बसायची. मी हूं म्हणायचो. कधी तेही नाही.

२६ डिसेंबर, मंगळवार

सात दिवसांनी माणिकबाईला सांगितलं. इतके दिवस फोन टाळत होतो.

"पुंजाजी पडला," मी म्हटलं.

"कसे?"

सांगितलं. ठोक्याचंही सांगितलं, ते का कोण जाणे. मला वाटलं आता ती चिडेल. ती चिडली नाही. बाळाला थोपटत होती बहुतेक, तसा आवाज येत होता.

"मीही तशीच पडली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"करिश्माच्या पहिले. पाट्यावरून. मामाजी बैल हाकत होते, वजन पाह्यजे होतं, मी उभी राह्यली. ढेकूळ आलं, पाटा उसळला. तिसरा महिना होता मले."

"मला कोणी सांगितलं नाही. बाबांनीही नाही."

"तुमी इचारलं नाही."

मग बाळ रडायला लागलं. ती म्हणाली, ठेवते.

२७ डिसेंबर, बुधवार

ट्रंकेतून १९८८ ची वही काढली. तारीख तिला विचारावी लागली नाही. आईनं तेव्हा सांगितलं होतं, दिवस गेले होते, राहिले नाहीत, बायकांचं असतं असं. मला जून होता एवढं आठवत होतं. ते पान सापडलं.

"४ जून. अकोट–दर्यापूर दोन फेऱ्या, अकोट–अमरावती एक. गर्दी बरी. घरी बरं नाही असा निरोप."

पाच तारखेच्या पानावर, "अमरावती मुक्काम." सहा तारखेच्या पानावर, "घरी. केळी नेली."

घरी आमचीच केळीची झाडं होती तेव्हा.

वही सकाळपासून खाटेवर उघडी पडली आहे. गोठ्यात जाऊन आलो. पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला आहे, वाळवी लागलेली नाही. मधोमध पाय ठेवायची जागा गुळगुळीत झाली आहे. इतकी वर्षं ती जागा मी रोज पाहिली होती.

३१ डिसेंबर, रविवार

ड्रम घेऊन आलो. अय्युबनं ड्रममध्ये काँक्रीट परवाच ओतलं होतं, त्याला माहीत होतं मी येईन. काट्यावर दोनशे पंचेचाळीस भरलं. तो म्हणाला, "अजून आठ दिवस त्याले ओलं ठेवा, मंग लिंकले लावा."

टायरांत पाणी भरायला त्यानं दुकानातलं पाणी लावू दिलं नाही. दुकानाच्या बोअरचं पाणी खारं आहे, ते आतून रिम सडवतं. आमच्या विहिरीचं गोडं आहे, डोंगराकडचं. म्हणून तोच पंप घेऊन वावरात येतो म्हणाला.

पुंजाजीचं त्यानं विचारलं. मी खरं सांगितलं. ठोका ऐकला होता, हे खरं. अय्युबनं हातातला रिंच पुसून खाली ठेवला. "त्याईले सांगितलं?" म्हणाला. नाही म्हटलं. "सांगा," म्हणाला.

३ जानेवारी २०१८, बुधवार

दर्यापूरला जाऊन आलो. एसटीनंच गेलो. कंडक्टर पोरगी होती, मशीनवर तिकीट दिलं. मी मागच्या बाकावर बसलो.

पुंजाजी गळ्यात झोळी बांधून ओसरीवर बसला होता. मी म्हटलं, "ठोका ऐकला होता मी." तो म्हणाला, "मले मालूम हाये." नंतर त्यानं लेकीला चहा करायला सांगितलं. लेकीनं चहा ठेवला, माझ्याकडं पाहिलं नाही, पण कपात साखर बरोबर होती. तीन कप पुंजाजीच प्यायला.

निघताना मी विचारलं, परत कधी येतोस? म्हणाला, "इथं नातवंडं हायेत. पाहू." येणार नाही असं मला वाटतं.

५ जानेवारी, शुक्रवार

टायरांचं अडलं आहे. अय्युबला दहादा विचारलं, तो एकच म्हणतो, जमीन तुमची. जमीन माझी, सातबारा माझा, पण मला कुठं माहीत ती कशी आहे. तीस वर्षं मी रस्ता पाहिला.

म्हणून आज माणिकबाईला फोन करून विचारलं. दोन्ही टायर समजावून सांगितले, अरुंद, दाताचे, ते उकरतात. रुंद, बुटक्या दातांचे, ते ओल्यात फिरतात. आणि विचारलं, "तू सांग, कोणते घेऊ?"

मी दोनदा हॅलो म्हटलं. पुण्यात इमारती उंच आहेत, रेंज मिळत नसेल.

मग बोलायला लागली ती पाऊण तास. संत्र्याची पिणारी मुळी वरच असते, वीतभर खाली. ती दातानं तुटली की झाडाला डिंक्या लागतो, खोडातून डिंक गळतो. धुऱ्याकडच्या चार ओळींत माती भुसभुशीत आहे, तिथं जुनी नाली होती, तिनं आणि मामाजींनी बुजवली होती, तिथं गाडी घालायचीच नाही. पुंजाजी पडला ती जागा तीच. विहिरीजवळ मुरूम आहे, तिथं काहीही चालेल.

"रुंद घ्या," ती म्हणाली.

"पण ओल्यात फिरतील ना?"

"ओल्यात जाताच काहून? ओलीत झालं का चार दिवस गाडी बगीच्यात घालू नोका. बैल तरी कुठं घालत होती मी."

दीड महिना मी आणि अय्युब ज्यावर डोकं धरून बसलो होतो, ते हे. ओल्यात जायचंच नाही.

मला हसू आलं, मग थांबलं. एवढं सगळं ती मला रोज रात्री सांगत होती. मी हूं म्हणत होतो.

११ जानेवारी, गुरुवार

अय्युब पंप घेऊन आला. मागचे टायर रुंद, समोरचे आठ प्लायचे. मागच्या चाकाचा वॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवून ठेवलं, मग पाणी आत सोडलं. वॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की समजायचं भरलं, मग वरून हवा. एकेका चाकात साठ लिटर बसलं. ड्रम लिंकला अडकवला.

भरलेलं सुपडं उचललं. गाडी ढिम्म हलली नाही. इतकं शांत वाटलं मागं, की मी वळून पाहिलं. फळी काढून टाकली होती. ड्रम होता.

अय्युब जेवून गेला. भाकरीबद्दल काही बोलला नाही, सभ्य माणूस आहे.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. करिश्मानं बाळाचा फोटो पाठवला, डोक्यावर हलव्याचा मुकुट, बोरं-चुरमुऱ्यांत बसलेलं. कोपऱ्यात माणिकबाईचा हात दिसतो, बाळाला धरलेला. तेवढाच हात.

शेजारून तीळगूळ आला. देणारी पोरगी म्हणाली, "आजी नाही आल्या?" नाही म्हटलं.

फोनवर मी तिला कधी येतेस असं विचारलं नाही. विचारायचं होतं. आजवर प्रत्येक वेळी तेवढंच विचारत आलो, आणि ती पाहू म्हणत आली. आज विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात कोणी नेलं तुला?" ती म्हणाली, "कोनं नेलं नाही. मी घरीच निजली. तिसऱ्या दिवशी निंदाले गेली."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे सहा तारखेला. मी केळी घेऊन आलो तेव्हा ती वावरात होती.

१९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी अकराच्या सुमाराला खत भरत होतो. धुऱ्यावर कोणीतरी उभं दिसलं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. ऊन डोळ्यांवर होतं म्हणून आधी ओळखलं नाही. इंजिन बंद केलं.

माणिकबाई घरी न जाता फाट्यावरून सरळ वावरात आली होती. मी उतरलो. म्हटलं, "गाडी वेळेवर होती का?"

"अर्धा तास लेट," ती म्हणाली.

पिशवी तिनं संत्र्याच्या फांदीला अडकवली. पिशवी लहान होती, दोन लुगड्यांची. ती पाहून मनात जे आलं ते मी विचारलं नाही. तिनं ट्रॅक्टरला एक फेरी मारली. टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. खाली वाकून माती पाहिली, चाकाच्या वाटेवरची, बोटानं उकरून मुळी पाहिली. ड्रमवर हात ठेवला.

"किती हाये?"

"दोनशे पंचेचाळीस."

"चालवा. मले पाहू द्या."

मी बसलो. ती एक काठी उचलून बाजूनं, चाकापासून हातभर लांब, चालत आली. भरलेलं सुपडं घेऊन मी उताराकडं निघालो. नालीपासून दूर, तिनं सांगितलं होतं तिकडून. तेवढ्यात मागून मडगार्डवर काठीचा ठोका पडला. एक.

थांबलो. जागच्या जागी थांबलो.

"सुपडं खाली घ्या," ती म्हणाली. "जमिनीपासून इतभर. एवढा बोजा डोक्यावर घेऊन कोनी उतरते का?"

खाली घेतलं. तिनं वाकून अंतर पाहिलं.

"ही घंटी तुला कोणी सांगितली?" मी विचारलं.

"पुंजाजीचा फोन येते मले. दर्यापूरहून, दर आठ दिवसानं."

मला माहीत नव्हतं. मग दोन ठोके आले आणि मी निघालो. उतारावर गाडी अंगणात चालावी तशी गेली. दुपारपर्यंत अठरा झाडं झाली. मधे तिनं चारदा थांबवलं, चारही वेळा कारण होतं.

दुपारी घरी आलो. भाकरी तिनं केली. जेवणं झाल्यावर मी १९८८ ची वही तिच्यापुढं ठेवली, चार जूनचं पान काढून. ती सातवीपर्यंत शिकली आहे. बोट ठेवून तिनं वाचलं, फेऱ्या, गर्दी, निरोप. परत एकदा वाचलं.

"एवढंच?" म्हणाली.

"एवढंच."

मी पेन काढलं. तीस वर्षांत वेबिलात एक अक्षर मागून घातलं नाही, डायरीत नाही. निरोपाची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "माणिकबाई पाट्यावरून पडली. तिसरा महिना होता. मी नव्हतो."

वही तिच्याकडं फिरवली. तिनं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग म्हणाली, "येळ नाही लिवली. सकाळचे दहा."

मी वेळ लिहिली.